पाचवीचा कोरा कागद

डॉक्टर मॅडमनी बीपीचं मशीन माझ्या दंडाला दोनदा लावलं. दुसऱ्यांदा आकडा बघून झाल्यावर त्या माझ्याकडे न बघता माझ्या आईकडे वळल्या आणि विचारलं, "पाचवी कधी आहे?"

"आजच," आई म्हणाली.

"वाटलंच मला," मॅडम म्हणाल्या आणि सिस्टरना इंजेक्शन भरायला सांगितलं.

आकडा होता एकशे ऐंशी वर एकशे पंधरा. मी बाळंत होऊन पाच दिवस झाले होते, घरी जाऊन एक दिवस. मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, पोस्टपार्टम प्रीक्लॅम्प्सिया. म्हणजे बाळंतपण झाल्यानंतर बाईचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रोटीन जातं, अंगावर सूज येते, आणि वेळेत उतरवला नाही तर झटके येतात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पोटातून बाळ बाहेर आलं की संपलं सगळं, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते. तुमच्यापैकी कुणी बाळंत होणार असेल, किंवा कुणाची लेक, सून होणार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शेवट चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे घाबरत वाचायला नको.

माझं माहेर आचऱ्याजवळ, सासर मिठबावला. बाबांची होडी आहे, नवऱ्याची आंब्याच्या कलमांची बाग. मी लग्नाआधीपासून माहेरच्या ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. दाखले काढायचे, अर्ज भरायचे, लोकांनी चुकीचे भरलेले पुन्हा भरायचे, हा माझा दिवस. न वाचता सही करणाऱ्यांना मी एवढी झापते की काही म्हातारे मला बघून आधी चष्मा लावतात आणि मग आत येतात. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी काय केलं ते वाचलंत की तुम्हाला हसू येईल.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. शेवटच्या महिन्यात बीपी थोडं वर जात होतं. एकशे चाळीसला टेकायचं आणि परत खाली यायचं. म्हणून सरकारी हॉस्पिटलातच नाव घातलं. कुठलं ते सांगत नाही, सांगितलं तर तिथल्या सिस्टर मला ओरडतील.

रविवारी सकाळी मुलगी झाली. नॉर्मल डिलिव्हरी, बाळ पावणेतीन किलोचं. लेबर रूमबद्दल मी बरंच काही ऐकून गेले होते. बायकांना थोबाडीत मारतात, घालूनपाडून बोलतात वगैरे. माझ्या वाट्याला तसं काही आलं नाही. आईला आत थांबू दिलं. कळा वाढल्यावर मी लाजून दात आवळत होते, तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ओरड बाई, इथे परीक्षा नाहीये." मग मी अशी ओरडले की बाहेर नवऱ्याला वाटलं, आत दोन बायका आहेत. टाके घालताना त्या सिस्टर माझ्या डोक्याशी उभ्या राहून कपाळावरचा घाम पुसत होत्या. ते मी विसरणार नाही.

तक्रारी होत्याच. पडदा अर्धाच होता. बाथरूमची कडी लागत नव्हती, म्हणून आई दाराला पाठ लावून उभी राहायची. गरम पाण्यासाठी रांग. वॉर्डात उकाडा एवढा की बाळापेक्षा मीच जास्त रडले असेन. दुसऱ्या दिवसापासून मला घर दिसायला लागलं, आमची पडवी, माडाखालचा वारा, आईच्या हातची पेज.

बुधवारी सकाळी बीपी एकशे सेहेचाळीस वर चौऱ्याण्णव निघालं. मॅडम म्हणाल्या, अजून दोन दिवस थांबा. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी चढतं, ते डोळ्यांखाली असलेलं बरं.

दोन दिवस म्हणजे शुक्रवार. आणि गुरुवारी पाचवी.

इथे आईचं सांगायला हवं. माझ्या जन्माच्या वेळी आई हॉस्पिटलात अडकली होती आणि माझी पाचवी घरात पुजली गेली नाही. दहा दिवसांनी कशीबशी उरकली. तेव्हापासून माझ्या बाबतीत जे काही वाकडं झालं ते त्या चुकलेल्या पाचवीमुळे, असं आईचं ठाम मत आहे. दहावीला गणितात कमी पडले, पाचवी. लग्न उशिरा जमलं, पाचवी. मी तापट आणि तोंडाळ निघाले, ते तर पाचवीच. आमच्याकडे पाचवीलाच पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. "तुज्या येळाक ती इली आसतली आणि पाटार कागदच दिसलो नाय," असं आई मला लहानपणापासून ऐकवत आली. नातीच्या बाबतीत ती हे होऊ देणार नव्हती.

सगळं आईवर ढकलणं मात्र खोटं होईल. मलाच घरी जायचं होतं. नवरा म्हणाला, मॅडम सांगतात तर थांबूया. मी त्याच्यावर डाफरले. म्हटलं, तू राहा दोन दिवस या उकाड्यात.

तर बुधवारी दुपारी आम्ही आमच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतला. तशा कागदावर मी सही केली. इनचार्ज सिस्टर काउंटरवर मला सांगू लागल्या, डोकं दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली तर... आणि बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आई म्हणाली, "होय होय, समजला." सिस्टरनी तरी पुढचं सांगितलं. मी बाळाचं टोपडं सारखं करत होते. काय सांगितलं म्हणाल तर देवाशपथ आठवत नव्हतं.

मग त्यांनी एक फॉर्म दिला. आपण प्रसूतीच्या वेळी आणि नंतर मिळालेल्या सेवेबद्दल समाधानी आहात का, असे पंधरा प्रश्न. स्वच्छता, वागणूक, खाजगीपणा, माहिती. समोर तीन चौकटी: पूर्ण समाधानी, समाधानी, असमाधानी. मी सगळीकडे पूर्ण समाधानीवर टिक केली. अर्ध्या पडद्यावरसुद्धा. एक प्रश्न होता, घरी गेल्यावरची धोक्याची लक्षणे तुम्हाला सांगितली का, त्याला हो. पंधरा प्रश्नांना मला एक मिनिट लागलं नसेल. सेवा केंद्रात माझ्यासमोर कुणी असा फॉर्म भरला असता तर मी त्याला अंगणाबाहेर काढलं असतं.

त्या संध्याकाळी घरी अंघोळ, शेक, ओव्याची धुरी, गरम पेज, सगळं झालं. मला स्वर्गात असल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी डोकं धरलं. आईने हात लावून बघितलं आणि निदान केलं, "वारो लागलो. धुरयेतसून भायर येवन पडवेत बसलंस मा?" कानात कापूस घातला, वरून फडकं आवळून बांधलं. दुपारी डोकं ठणकायला लागलं तेव्हा फडकं आणखी आवळलं. पायांना सूज होती, ती बाळंतपणाचं पाणी म्हणून सोडून दिली. मला वाटलं झोप नाही म्हणून असेल. बाहेर पाट धुवून ठेवलेला, विळा, पाटा-वरवंटा, हळद-कुंकू, नारळ. कोरा कागद आईने माझ्याच ऑफिसच्या गठ्ठ्यातला घेतला होता, चांगला पांढराशुभ्र.

चारच्या सुमारास दर्शनाताई आली. ती आमच्या वाडीची आशा सेविका. बाळाचं वजन घ्यायला आणि पाचवीला असं दोन्ही एकदमच आली होती. झोळीच्या काट्याला बाळ लटकवलं, ताप बघितला, नाळ बघितली, आणि रजिस्टर भरून सवयीप्रमाणे माझ्यापुढे धरलं. सवयीप्रमाणे म्हणजे, गेली चार वर्षं तिच्या रजिस्टरातल्या चुका मी काढत आले आहे. तारीख उलटी लिहिते, वजनाचा आकडा उंचीच्या रकान्यात जातो. ती रागावत नाही, हसून खोडते.

मी रजिस्टर हातात घेतलं. ओळीचा डावा अर्धा दिसत होता आणि उजवा अर्धा नव्हताच. तिथे काहीतरी चमचमत होतं. मी पापण्या मिटून उघडल्या, तरी तेच. पण घरात चार बायका जमलेल्या, पूजेची गडबड, आता कुठे हे सांगत बसायचं, म्हणून मी म्हटलं, बरोबर आहे सगळं, आणि रजिस्टर परत दिलं.

दर्शनाताई उठली नाही. तिने रजिस्टर स्वतः एकदा वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

"हेच्यात मी तारीख चुकलंय," ती म्हणाली. "तू चूक काढलंस नाय म्हणजे तुका बरा नाय."

तिने माझ्या कानांचं फडकं सोडलं, तोंड उजेडाकडे वळवलं, पायाच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. डोळ्यांचं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तिने उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला, त्या दहा मिनिटांत स्कूटरवरून मशीन घेऊन आल्या. एकशे बहात्तर. लगेच १०८ ला फोन झाला.

गाडी यायला वेळ होता. आई म्हणाली, तोपर्यंत पूजा उरकून घेऊ, बाळ पाटाला लावते, अर्ध्या तासाचं तर काम. ती रडवेली झाली होती. मला कळत होतं की ती माझ्या वाईटाचं काही मागत नव्हती, उलटच होतं.

दर्शनाताई तिच्यासमोर उकिडवी बसली. आवाज चढवला नाही.

"काकी, आज सटवी ह्या पोराच्या कपाळार लिवतली. तिका काय लिवूक लावतंस? पाच दिवसात पोराची आवस गेली, असा?"

आई उठली, पाटावरचा कोरा कागद आणि पेन उचललं, कागदाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि घडी न घालता बाळाच्या पिशवीत ठेवलं. मग माझ्या चपला आणून माझ्या पायाशी ठेवल्या. आईने माझ्या चपला उचललेल्या मी त्याआधी कधी बघितल्या नव्हत्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मॅडमचा पाचवीचा प्रश्न, तो सुरुवातीला सांगितला. लॅबेटॅलॉल नावाचं इंजेक्शन शिरेतून दिलं, ते बीपी उतरवतं. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, ते झटके येऊ नयेत म्हणून. ते चालू असताना अंगातून गरम वाफ जावी तसं होतं, जीभ जड होते. घाबरू नका, ते होतंच. सिस्टर मधून मधून येऊन रबरी हातोडीने गुडघ्यावर टकटक करायच्या. पाय उडतो का, श्वास किती चालतो, लघवी किती होते, यावरून औषध जास्त होत नाही ना ते कळतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. लघवीची नळी घातली होती. चोवीस तास खाटेवरून उठायचं नव्हतं.

बाळाचं काय, हा माझा एकच प्रश्न होता. मला वाटलं आता दूध तोडतील. मॅडम म्हणाल्या, या औषधांवर दूध पाजलेलं चालतं. दर दोन तासांनी एक सिस्टर बाळाला आणून माझ्या कुशीला लावायच्या, मी अर्धवट शुद्धीत, म्हणून सिस्टरच बाळाचं डोकं धरून बसायच्या. बायकांना बाळंतपणात काय समाधान मिळतं, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. पडदा, कडी, गरम पाणी यांचं नंतर बघू.

शुक्रवारी सकाळी डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर दिसलं. डावीकडून उजवीकडे, अख्खं. मी ते पूर्ण वाचलं. त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती सापडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की हसू फुटलं.

तेवढ्यात आई पाळण्याशी हबकून उभी राहिलेली दिसली. तिच्या हातात तो कागद होता. संध्याकाळी तिने तो पाळण्यात उशाशी ठेवला होता, पेनासकट, कुणाला न सांगता. पाट नाही तर पाळणा. आता तो कोरा नव्हता. निळ्या पेनाने वरपासून खालपर्यंत आकडे होते. १७६/११०. १६८/१०६. १६०/१००. १५२/९८. शेवटचा १३८/८८, आणि प्रत्येकासमोर वेळ.

ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टरना मी विचारलं. त्या ओशाळून म्हणाल्या, चार्टचा कागद भरला, नवा आणायला तुला सोडून जायचं नव्हतं, बाजूला कोरा कागद आणि पेन दिसलं, त्यावरच लिहीत गेले, मग चार्टवर उतरवलं. तुमचा काही महत्त्वाचा कागद होता का?

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ही रडणार, आता आयुष्यभर हे बीपी नातीच्या नशिबाला लागलं म्हणून मला ऐकवणार. आईने चष्मा लावला. तिला आकड्यांतलं काही कळत नाही, पण लहान-मोठं कळतं, मासळीच्या लिलावात तिने आयुष्य काढलंय. बोट वरून खाली नेत तिने सगळे वाचले.

"उतरता लिवल्यान," ती म्हणाली. "बरा लिवल्यान."

आणि त्या सिस्टरच्या हातात तिने दोन्ही हातांनी नारळ दिला. पाचवीचाच असणार, तो पिशवीत कधी टाकला होता देव जाणे. सिस्टरना काही कळलं नाही. नको नको म्हणत त्यांनी घेतला.

मी तिथे पाच दिवस राहिले. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, लघवीतलं प्रोटीन कमी होत गेलं. उकाडा तसाच होता, कडी तशीच होती. यावेळी मी घराचं नाव काढलं नाही. नवरा रोज येऊन विचारायचा काय हवं, मी सांगायचे काही नको, तू फक्त बाथरूमच्या दारापाशी उभा राहा.

डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा तोच फॉर्म समोर आला. मी खुर्ची मागितली आणि बसून भरला. अर्ध्या पडद्याला असमाधानी. बाथरूमला असमाधानी. वागणुकीला पूर्ण समाधानी, आणि त्या टिकेवर पेन दोनदा फिरवलं. मग तो प्रश्न आला, धोक्याची लक्षणे सांगितली का. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्याहून खोटं. मी समासात बारीक अक्षरात लिहिलं की, सांगितली होती, मी ऐकली नाहीत, माझ्या आईने समजलं म्हटलं आणि मी सही केली. कृपया बाळंतिणीच्या आईला किंवा सासूला विचारू नका. बाळंतिणीला विचारा, आणि तिच्या तोंडून वदवून घ्या.

इनचार्ज सिस्टरनी ते उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, फॉर्ममध्ये असं लिहायला जागा नसते. मी म्हटलं, समास असतो ना. त्यांनी फॉर्म गठ्ठ्यात न टाकता टेबलाच्या खणात ठेवला. मग मला म्हणाल्या, चला, सांगा बघू. आणि मी शाळेतल्यासारखी सगळी लक्षणं म्हणून दाखवली.

दीड महिन्याने तपासणीला गेले. बीपी एकशे अठरा वर शहात्तर. मॅडमनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्या महिन्यापासून दाखवायचं, आणि एरवीही वर्षातून एकदा बीपी बघत जायचं, एवढं सांगितलं. मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा माझे पाय खरोखर हलके झाले होते. आई बाकावर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगितलं, तर तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, घरी गेल्यावर दर्शनाला आधी सांगायला हवं. तो आकड्यांचा कागद मी लॅमिनेट करून मुलीच्या जन्मदाखल्यामागे ठेवलाय. पाचवी नीट झाली की नाही यावर आमच्या घरात आता चर्चा होत नाही.

निघताना काउंटरपाशी थांबले. एक कोवळी मुलगी डिस्चार्ज घेत होती, चार दिवसांचं बाळ कुशीत, कानाला फडकं. बाहेर रिक्षा हॉर्न देत होती. बरोबरची बाई, तिची आई असावी, घाईने म्हणाली, "होय होय, समजला आमका."

"तुम्ही नाही, ती सांगेल," इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. "रिक्षा थांबेल."

मुलगी लाजली. आईकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं. मग खाली मान घालून हळू आवाजात बोलायला लागली.

"डोका ठणकला, डोळ्यांसमोर चमकला, तोंड-पाय सुजले, धाप लागली, अंगावरना जास्त गेला, तर येवचा. वारो लागलो म्हणान घरात बसूचा नाय." ती थांबली. सिस्टर वाट बघत होत्या. "पाचवी आसली तरी येवचा."

सिस्टरनी मग तिच्यापुढे फॉर्म ठेवला. मी आईच्या हातातून माझ्या मुलीला घेतलं आणि ती मुलगी वाचून सही करेपर्यंत तिथेच उभी राहिले.